रिपोर्ट जे सांगत नाही: खानापूर तालुक्यातलं एक एचपीव्ही प्रकरण

शालनला (नाव बदललं आहे) मी पहिल्यांदा पाहिलं ते 2023 च्या फेब्रुवारीत, महाशिवरात्रीच्या आदल्या आठवड्यात. सांगली जिल्ह्यातल्या विट्यापासून अर्ध्या तासावरच्या तिच्या गावात आम्ही गर्भाशयमुखाच्या, म्हणजे बायका ज्याला पिशवीचं तोंड म्हणतात त्याच्या, कॅन्सरसाठी तपासणी शिबिर लावलं होतं. वय 41. मुलगा कॉलेजात, मुलगी तेरा वर्षांची, धाकटीच्या बाळंतपणानंतर कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेलं. नवरा तमिळनाडूत गलाईचं दुकान चालवतो. खानापूर-आटपाडीकडच्या माणसाला यापुढचं सांगावं लागत नाही. जुनं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी इथली माणसं देशभर पांगली आहेत. घरी बायको, म्हातारी आई आणि शाळेतली पोरं. मालक दसऱ्याला येतात, गावच्या जत्रेला येतात, परत जातात.

तिची तक्रार आमच्या ओपीडीत रोज दहा जणी सांगतात तीच होती. अंगावरून पांढरं जातं, कंबर धरते. याच तक्रारीसाठी पाच वर्षांपूर्वी ती एका दवाखान्यात गेली होती. तिथं सोनोग्राफी झाली आणि सल्ला मिळाला, "पिशवी खराब झालीय, काढून टाका, नाहीतर पुढं कॅन्सर होईल." तिनं भिशीतून पैसे उचलायचंही ठरवलं होतं. त्याच वर्षी विहिरीची मोटर जळाली आणि पैसे तिकडे गेले, म्हणून पिशवी राहिली. मी विचारलं, "तेव्हा आतून तपासलं होतं का? पिशवीचं तोंड कुणी बघितलं होतं?" ती म्हणाली, "न्हाय वं मॅडम, वरनंच मशीन फिरवलं."

इथं जरा थांबते, कारण हे एकट्या शालनचं नाही. नुसतं पांढरं जातं म्हणून पिशवी काढायची नसते. कॅन्सरची भीती दाखवून, पण कॅन्सरची तपासणी न करता पिशवी काढणं हे तर दुहेरी चुकीचं. गर्भाशयमुखाला खरोखरच कॅन्सर झालेला असेल, तर साधं पिशवीचं ऑपरेशन त्याला पुरत नाही आणि पुढचा उपचार अवघड होऊन बसतो. कॅन्सर नसेल, तर चाळिशीच्या आतल्या बाईचं धडधाकट अवयवाचं ऑपरेशन विनाकारण होतं. आमच्या भागात पस्तिशीतच पिशवी काढलेल्या बायका घरटी सापडतात. त्यांच्या कागदांमध्ये गर्भाशयमुखाच्या तपासणीचा रिपोर्ट शोधायची मला सवय लागली आहे. बहुतेक वेळा तो नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी ही तपासणी एकदा तरी झालेल्या निघाल्या अवघ्या 1.9 टक्के.

शिबिरात तपासणी होती एचपीव्हीची, म्हणजे या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूची, आणि तिचा नमुना बाईनं स्वतःच घ्यायचा होता. आशाताईंनी प्रत्येकीच्या हातात एक बारीक ब्रश आणि नळी दिली, आणि ब्रश आत किती घालायचा, किती वेळा फिरवायचा, हे स्वतःच्या मिटलेल्या मुठीत फिरवून दाखवलं. टेबलावर झोपायचं नाही, डॉक्टरसमोर कपडे काढायचे नाहीत, म्हणून बायका आल्या. नाहीतर निम्म्या दारातूनच परतल्या असत्या.

तीन वाक्यं

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून रिपोर्ट आले. शालनच्या कागदावर होतं: एचपीव्ही 16, पॉझिटिव्ह. मी दोन पेशंटच्या मधल्या वेळात तिला फोन लावला. काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "शालनताई, तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय. संबंधातून येणारा विषाणू आहे. मालक आले की दोघं मिळून या."

घरात फोन एकच. तो स्पीकरवर होता, आणि शेजारी सासूबाई गहू निवडत बसल्या होत्या.

पहिली दोन वाक्यं खोटी नव्हती. तिसरं मात्र सपशेल चूक होतं. पुढच्या तपासणीसाठी नवऱ्याची काही गरज नसते आणि या विषाणूसाठी नवऱ्याला द्यायचं औषधही नसतं. गुप्तरोगाच्या इतर संसर्गांत आम्ही जोडप्याला एकत्र औषध देतो, त्या सवयीनं माझ्या तोंडून ते गेलं. पण पहिल्या वाक्यानं केलेलं नुकसान त्याहून मोठं होतं. आमच्या भागात 'पॉझिटिव्ह' या शब्दाला कित्येक वर्षांपासून एकच अर्थ आहे, आणि तो एचआयव्ही. डॉक्टरच्या तोंडून 'पॉझिटिव्ह' आणि पाठोपाठ 'संबंधातून' असं ऐकल्यावर त्या घरात काय समजलं गेलं असेल, हे मी आधीच ओळखायला हवं होतं.

त्याच रात्री तमिळनाडूला फोन गेला. तो म्हणाला, तू काय केलंस. ती म्हणाली, तुम्ही काय केलंत. आठ दिवसांनी शालन माहेरी म्हसवडकडे गेली आणि तिनं माझा फोन उचलणं बंद केलं.

कागदाचा अर्थ

त्या फोनवर मी तिला जे सांगायला हवं होतं, ते आता इथं लिहिते.

एचपीव्ही म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. याचे दोनशेच्या वर प्रकार आहेत. त्यातले चौदाएक कॅन्सरच्या दृष्टीनं धोक्याचे, आणि त्यांत 16 आणि 18 हे सगळ्यांत वाईट. जगातल्या गर्भाशयमुखाच्या सुमारे 70 टक्के कॅन्सरमागे हे दोनच असतात. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी 1983 मध्ये 16 क्रमांकाचा विषाणू या कॅन्सरच्या गाठीतून वेगळा काढला, पुढच्या वर्षी 18. तोवर बराच काळ संशय नागिणीच्या जातीच्या एका विषाणूवर होता. 2008 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

पण विषाणू असणं म्हणजे कॅन्सर असणं नव्हे. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी एचपीव्ही होऊन जातो. ना ताप येतो, ना दुखतं. दहापैकी नऊ जणींच्या शरीरातून तो साधारण दोन वर्षांत आपोआप जातो. धोका असतो तो उरलेल्या दहावीला, जिच्या पेशींत तो ठाण मांडून बसतो. विषाणूची ई6 आणि ई7 ही दोन प्रथिनं पेशीचे दोन रखवालदार निकामी करतात. ई6 'पी53' या प्रथिनाला नष्ट करवतं, ई7 'आरबी'ला अडकवून ठेवतं. मग बिघडलेली पेशी थांबायची तिथं थांबत नाही, वाढत राहते. हे सावकाश होतं. संसर्गापासून कॅन्सरपर्यंत सहसा पंधरा-वीस वर्षं जातात. एचआयव्ही असलेल्या बाईत हा काळ बराच कमी होतो आणि धोका सुमारे सहापट असतो.

बाईला वाचवायची संधी या पंधरा-वीस वर्षांतच असते, आणि याचा भक्कम पुरावा आपल्याच राज्यातल्या एका जिल्ह्यानं दिलेला आहे. 1999 पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 52 गावसमूहांतल्या 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांवर बायकांचा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी तो केला. एका गटाची एचपीव्ही तपासणी, एका गटाची पेशींची पॅप तपासणी, एका गटाची ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी तपासणी, आणि चौथ्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा. आठ वर्षांनी पाहिलं तर एचपीव्ही गटात या कॅन्सरनं 34 मृत्यू झाले होते आणि चौथ्या गटात 64. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. चौथ्या गटातल्या बायकांना तपासणीविना ठेवल्याबद्दल पुढे टीका झाली, आणि मला ती रास्त वाटते. म्हणूनच त्या 64 जणींच्या बदल्यात कळलेली गोष्ट कपाटात पडून राहू नये असंही वाटतं.

त्या अभ्यासात एचपीव्ही तपासणी झालेल्यांपैकी दहात एक बाई पॉझिटिव्ह निघाली होती. म्हणजे गावात शंभर जणी तपासल्या तर दहा घरांत असा फोन जाणार. तो फोन कसा करायचा, हे त्या शोधनिबंधात नाही.

सात महिने

शालन परत आली ती आशाताईंमुळे. त्या म्हसवडला तीनदा जाऊन आल्या, पण खरं काम त्यांनी सासरी केलं. पहिल्यांदा त्या घरी गेल्या तेव्हा त्यांना ओसरीच्या बाहेर, चुलीच्या सरपणावर एक स्टीलचं ताट आणि तांब्या पालथा घातलेला दिसला. ताटावर लग्नातल्या आहेराचं नाव कोरलेलं होतं, शालनच्या माहेरचं. तिला वापरायला वेगळी काढलेली भांडी ती माहेरी गेल्यावरही कुणी आत नेली नव्हती.

आशाताईंनी भांडण केलं नाही. त्या जाऊन बसल्या, चहा घेतला, पुन्हा दोन दिवसांनी गेल्या. तिसऱ्या खेपेला सासूबाईंनीच विषय काढला. त्यांची थोरली जाऊ पाळी गेल्यानंतर अंगावरून रक्त जाऊन जाऊन गेली होती. "वास यायचा म्हणून गोठ्यात ठेवली हुती तिला. मीच भाकरी न्हिऊन ठिवायची, लांबनं." त्या बाईला काय झालं होतं हे आज कुणी सांगू शकत नाही, कुणी तपासलंच नव्हतं. पण ताट वेगळं का झालं ते मला तेव्हा कळलं. या म्हातारीला मी सुरुवातीला खाष्ट समजत होते. ती भ्यालेली होती. तिनं हे एकदा बघितलं होतं, आणि सून त्याच वाटेनं जाणार असं तिला वाटत होतं.

आशाताईंनी तिला दोन गोष्टी सांगितल्या. हा विषाणू ताटातून, पाण्यातून, अंथरुणातून पसरत नाही. आणि जाऊबाईंच्या वेळी नव्हता असा कागद आज हातात आहे, रोग व्हायच्या आधीच धोका सांगणारा. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी स्वतः म्हसवडला फोन केला. शालन तरी लगेच आली नाही. "मालक येऊ देत, त्यांच्यासमोर मॅडमनी सांगू दे," असं तिनं सांगितलं. तिचं म्हणणं मला पटलं. तिला उपचारासाठी नवऱ्याची गरज नव्हती, पण त्या घरात पुन्हा राहण्यासाठी होती. तपासणी तरी आधी करून घेऊ म्हणून मी दोनदा निरोप धाडला. तिनं ऐकलं नाही.

दसऱ्याला

ऑक्टोबरात विट्याच्या पालखी शर्यतीच्या आदल्या दिवशी दोघं आले. मी दार लावून घेतलं, फोन बंद केला. तो खुर्चीच्या कडेवर बसला होता. हाताच्या बोटांवर ॲसिडचे जुने पिवळट डाग.

मी आधी मार्चच्या फोनबद्दल दोघांची माफी मागितली. मग सांगितलं, हा एचआयव्ही नाही. आणि हा विषाणू कधी आला ते या तपासणीतून कळत नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी आलेला असू शकतो, पंधरा वर्षं इतका कमी राहू शकतो की तपासणीत सापडणारही नाही, आणि चाळिशीत पुन्हा दिसू शकतो. तो कुणाकडून आला हेही कळत नाही. दोघांच्या आयुष्यात दुसरं कुणी नसलं तरी एकाला तो आधीपासून असू शकतो. मी कुणालाच चारित्र्याचा दाखला दिला नाही, तसा द्यायला माझ्याकडे काही नव्हतंच. हा कागद दोघांपैकी कुणाविरुद्धही पुरावा नाही, एवढंच मी ठामपणे सांगू शकत होते.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "म्हंजी मुशीतल्या सोन्यावानी. एकदा गाळलं की डागिना कुणाचा, कवा घडवलेला, काय बी कळत न्हाय. सोनं किती हाय तेवढंच कळतं."

मी पुस्तकी भाषेत पाच मिनिटं जे सांगत होते ते त्यानं त्याच्या धंद्यातल्या तीन वाक्यांत सांगितलं. शालननं तेव्हा पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं.

एचआयव्हीची तपासणी तिचीही केली आणि तो स्वतःहून म्हणाला म्हणून त्याचीही. दोन्ही निगेटिव्ह. त्याच आठवड्यात मिरजेला कॉल्पोस्कोपी ठरली. दुर्बिणीसारख्या यंत्रातून गर्भाशयमुख मोठं करून बघतात ती ही तपासणी. तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, "आता ॲसिड लावते," तशी शालन टेबलावरून उठूनच बसली. ॲसिड म्हणजे तिला ठाऊक होतं ते नवऱ्याच्या शर्टाला भोकं पाडणारं. हे ॲसिटिक ॲसिड, म्हणजे चायनीजच्या गाड्यावर असतं तेच व्हिनेगर, तीन ते पाच टक्क्यांचं, असं सांगून बाटलीचा वास दिल्यावर ती परत आडवी झाली. मिनिटभरात गर्भाशयमुखाच्या वरच्या ओठावर दाट पांढरा पट्टा उमटला. तुकडा काढून तपासला. निदान आलं: सीआयएन 3.

सीआयएन 3 हा कॅन्सर नव्हे, पण कॅन्सरच्या उंबऱ्यावरचा बदल आहे. पेशींचा वरचा सगळा थर बिघडलेला असतो, पण त्यांनी खालचा पडदा ओलांडलेला नसतो. असाच ठेवला तर काय होतं याचं उत्तर न्यूझीलंडमधल्या एका दुःखद प्रकारानं दिलं आहे. 1960 च्या दशकापासून ऑकलंडमध्ये काही बायकांवर, त्यांना न सांगता, पुरेसे उपचार केले गेले नव्हते. पुढे त्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा 30 वर्षांत सुमारे 31 टक्के जणींना कॅन्सर झाल्याचं दिसलं. नीट उपचार झालेल्यांत हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली होतं.

दिवाळीनंतर मिरजेतच लीप झालं. जागेवर भूल देऊन, विजेनं तापलेल्या तारेच्या कडीनं बिघडलेला भाग कापून काढतात. पंधरा-वीस मिनिटं. पिशवी जागेवर राहिली. संध्याकाळी ती एसटीनं घरी आली. काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ होत्या, पुढे पसरल्याची खूण कुठेही नव्हती. ते सात महिने तिला महागात पडले नाहीत. पण मी ते नशिबाच्या खात्यात मांडते, माझ्या नाही. आजार आणखी चार पावलं पुढे असता, तर तेवढ्या काळात चित्र बदललं असतं.

आता तिच्या मुलीबद्दल. लीपच्या दिवशी बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्यानं विचारलं, "पोरीला लस असती म्हणं?" असते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक त्याच वर्षी बाजारात आली होती, 6, 11, 16 आणि 18 या चार प्रकारांवरची. ही लस झालेला संसर्ग घालवत नाही, म्हणून शालनला तिचा उपचार म्हणून उपयोग नव्हता. संसर्ग व्हायच्या आधी, 9 ते 14 या वयात दिली तर ती सर्वांत चांगलं काम करते. त्याला शंका होती की यानं पुढे मूल व्हायला अडचण येते. येत नाही. मी त्याला इंग्लंडचा दाखला दिला. तिथं 12-13 व्या वर्षी लस मिळालेल्या मुलींच्या पिढीत हा कॅन्सर 87 टक्क्यांनी कमी झाल्याचं 2021 मध्ये प्रसिद्ध झालं. आणि आपल्याकडचाही दिला. 2010 मध्ये सरकारनं या लसीचे अभ्यास मध्येच थांबवले, तेव्हा पुणे, बार्शी आणि देशातल्या इतर केंद्रांवर हजारो मुलींना एकच डोस मिळून राहिला होता. संशोधकांनी त्या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनी दिसलं की एका डोसनंही 16 आणि 18 च्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून 95 टक्क्यांच्या आसपास संरक्षण मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 मध्ये एका डोसचा पर्याय मान्य केला, त्यामागच्या पुराव्यांत या मुलीही आहेत. धाकटीला आम्ही सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस दिले.

उपचारानंतर वर्षभरानं एचपीव्ही तपासणी परत करायची असते. नोव्हेंबर 2024 मध्ये शालनचा रिपोर्ट आला. या वेळी मी फोन केला नाही. तिला बोलावून घेतलं आणि आधी कागद वाचून दाखवला, "विषाणू सापडला नाही." 'पॉझिटिव्ह' हा शब्द आता आमच्या टीममध्ये कुणी पेशंटसमोर वापरत नाही. "विषाणू सापडलाय, तो पुष्कळ जणींना असतो, कॅन्सर नाही, एक पुढची तपासणी करायची," एवढं समोर बसवून सांगायचं, आणि सोबत कोण हवं ते बाईनं ठरवायचं. ठरावीक काळानं तिला यापुढेही तपासणीला यावं लागणार आहे, आणि ते तिला माहीत आहे.

त्या शिबिरातल्या दोघी अजून पुढच्या तपासणीला आलेल्या नाहीत. एक नवऱ्याबरोबर केरळात गेली, दिलेला नंबर बंद आहे. शालनच्या नवऱ्याला मी नाव सांगितलं नाही, फक्त विचारलं की त्या भागात आपल्याकडचे गलाईवाले आहेत का. त्यानं खिशातली वही काढली आणि तिथल्या चार दुकानदारांचे नंबर लिहून दिले. "माझं नाव सांगा मॅडम, समद्यांस्नी समदं म्हाईत असतंय." गावाकडचा निरोप तेवढा पोचवायचा, कशासाठी ते सांगायचं नाही, असं आशाताईंशी ठरलंय. उद्या सकाळी त्या पहिल्या नंबरवर फोन लावणार आहेत.